आपली गाडी आपणच धुवावी

सांगोल्याहून पंढरपूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची वस्ती आहे. बांधावरच्या लिंबाला तारेनं बांधलेला एक पत्रा आहे. त्यावर मी ब्रशनं लिहिलंय, 'आपली गाडी आपणच धुवावी. आत येण्याचे ३० रुपये.' आता तीसवर काट मारून पन्नास केलेत. नवा माणूस गाडी थांबवून पत्रा दोनदा वाचतो आणि हमखास विचारतो, "धुणार आम्हीच, तर पैसे कशाचे?" मी म्हणतो, "आत यायचे." काही हसून पुढं जातात, बरेच आत येतात. पण हा सवाल मला पहिल्यांदा गिऱ्हाइकानं नाही विचारला, माझ्या आईनं विचारला. तिथनंच सांगितलं पाहिजे.

२००४ साली मी दोन एकर डाळिंब लावलं, भगवा. आमच्या तालुक्याला डाळिंबानं वर काढलं हे सगळ्यांना माहीत आहे. मुरमाड रान, कोरडी हवा, पाणी बेताचं. दुसऱ्या पिकाला जे वाईट ते या झाडाला मानवतं. ठिबकवर बाग आली, चार पैसे झाले, घरावर स्लॅब पडला, थोरलीचं लग्न झालं. मग तेल्या आला. फळावर काळा तेलकट डाग पडायचा आणि फळ तिथंच उकलायचं. त्यातनं सावरतोय तोवर मर लागली. सकाळी हिरवं दिसणारं झाड आठ दिवसांत वाळून काटूक. औषधं मारून मारून मी थकलो. २०१४ च्या उन्हाळ्यात जेसीबी लावला आणि बाग मुळासकट काढली. बागेसाठी रडलो नाही, पण जेसीबीवाला पैसे मोजून घेताना हात जड झाला.

बाग गेली आणि फवारणीचं सामान मागं राहिलं. तीन एचपीची मोटर, तिच्यावर पट्ट्यानं फिरणारा तीन पिस्टनचा एचटीपी पंप, दोनशे फूट पाइप, एक गन आणि दोनशे लिटरची दोन निळी पिंपं. डाळिंबवाल्याला हे सांगायला नको, पण दुसऱ्यांसाठी सांगतो. हा पंप पिंपातलं पाणी ओढतो आणि दाबानं गनमधनं फेकतो. गनचा खटका सोडला की जास्तीचं पाणी वेगळ्या नळीनं परत पिंपात पडतं. दाब असा की चिखलाचं ढेकूळ लांबनं उडतं. बोट धरलं तर कातडं जाईल.

त्या पावसाळ्यात एक टेंपोवाला दारात थांबला. चाकं, मडगार्ड, सगळं चिखलानं लिंपलेलं. मी माझी मोटरसायकल धूत होतो. तो म्हणाला, "मामा, मी बी धुऊ का? मालक वरडतोय." मी म्हणालो, "धू की." माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते, त्यामुळं गन त्याच्याच हातात दिली. त्यानं झकास धुतला टेंपो आणि जाताना वीस रुपये काढून माझ्या खिशात कोंबले. मी घरात येऊन आईला हसत सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाण्याचं पैसं घेतलंस?"

एवढंच बोलली. पण ती काय म्हणाली ते मला पुरतं कळलं.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आमची विहीर सहा परस खोल. आजूबाजूच्या तीन वस्त्यांत फक्त तिला पाणी होतं, तेही तळाला गुडघाभर. वडील पहाटे विहिरीच्या काठावर येऊन बसत. माणसं रांगेनं घागरी लावत. घरटी चार घागरी, ज्याच्या घरी बाळंतीण तिला एक जास्त. कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही. एकदा लांबच्या वस्तीवरचा एक बरा माणूस आला, गाडीबैल घेऊन, टिपाडं लादून. तो वडिलांना पैसे द्यायला लागला. वडिलांनी त्याचा हात मागं सारला आणि म्हणाले, "हीर म्या खांदली. पाणी म्या न्हाय केलं." त्यालाही चारच घागरी मिळाल्या. हे मी कडेला उभं राहून ऐकलंय.

तर आईचा सवाल तिथनं आला होता. मी म्हणालो, "आई, पैसं पाण्याचं न्हाईत. मशीनचं, लायटीचं."

"मग पाणी मोजून पैसं घेऊ नगंस. कुणी किती वापरलं ह्याचा हिशेब धरलास, की ते पाण्याचंच झालं."

आई शाळेत गेली नव्हती, पण हे तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. म्हणून दर ठरला तो असा: दावं ओलांडून आत आलं की तीस रुपये. दुचाकी असो, जीप असो, ट्रॅक्टर असो. पाच मिनिटं लागोत नाहीतर तास. गावच्या जत्रेत तमाशाच्या तंबूत जमिनीवर बसणाऱ्याचं एकच तिकीट असायचं. आत जाऊन कोण किती हसला, कोण झोपला, त्याचा हिशेब दारावर कुणी मागत नसे. तसंच हे. तालुक्याला त्या वेळी धुवून द्यायचे दुचाकीला पन्नास आणि चारचाकीला दोनशेच्या वर घेत. त्यामानानं कुणालाच महाग नव्हतं. मलाही बरं होतं. पोरगा पुण्याला कंपनीत, गडी मिळत नाही, गुडघे वाकत नाहीत. दुसऱ्याची गाडी धुणं माझ्यानं होणार नव्हतं.

पतसंस्थेचं दीड लाख कर्ज काढलं. सिमेंटचा उतार केला, खाली दगडाचा सोलिंग, दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा. सुरुवातीला शेतीच्याच मोटरीच्या लायटीवर पंप चालवला. वायरमननं एक दिवस सांगितलं, "तात्या, शेतीच्या कनेक्शनवर धंदा चालत न्हाय. कुणी तपासलं तर दंड बसंल." त्याचं खरं होतं. धंद्याचा वेगळा मीटर घेतला. बिल आलं तेव्हा कळलं की शेतकऱ्याला लाईट किती स्वस्त होती.

फाटकाच्या जागी बैलाचं जुनं दावं आडवं बांधलं. त्याच्याजवळ लिंबाखाली आई बसायची, शेजारी तुपाचा रिकामा डबा. पैसे डब्यात पडले की ती दावं सैल सोडायची. ज्या बाईनं मला बोल लावला तीच नाक्यावर बसली, म्हणून लोक चेष्टा करत. ती म्हणे, "मी हाय म्हणून ह्यो नीट हाय." तिचे नियम पत्र्यावर नव्हते, पण होते. आषाढी-कार्तिकीला पंढरीला जाणाऱ्याला पैसे नाहीत. बेंदराला नाहीतर पोळ्याला बैल धुवायला आणले तर पैसे नाहीत. बैलाला गनही नाही, बादलीनं अंघोळ घालायची. एकदा एक जीपवाला रात्री आला. अपघातातलं माणूस दवाखान्यात पोचवून आला होता, मागची सीट धुवायची होती. आई झोपली होती. मी बॅटरी धरून उभा राहिलो. तो धुता धुता थांबत होता. पैसे काढायला लागला तेव्हा मी नको म्हणालो. सकाळी आईला सांगितलं, तर ती नुसती मान हलवून गप्प बसली.

एकच दर म्हटल्यावर लोकांची डोकी चालतात, हे मला नंतर कळलं. एक पोरगा दर रविवारी मोटरसायकल आणायचा आणि दात घासायच्या ब्रशनं तिची साखळी घासायचा. दीड-दोन तास. लग्न ठरल्यावर यायचा थांबला. एका गॅरेजवाल्यानं टेंपोत चार मोटरसायकली भरून आणल्या आणि म्हणाला, "गाडी एकच आत आली, तात्या." मी वाद घालणार होतो, पण आईच म्हणाली, "एकच आली. जाऊ दे." पुढच्या खेपेला त्यानं आपणहून चाराचे पैसे दिले.

आणि एका भाद्रपदात कहर झाला. दसऱ्याआधी घरातलं सगळं धुणं काढायचं, वाकळा, घोंगडी, पोती, ही आपली रीत. पूर्वी बायका माण नदीला जायच्या. नदीला पाणी असेल तर ना. तर एका छोट्या हत्तीत आठ बायका आणि पंचवीस-तीस वाकळा आल्या. तीस रुपये डब्यात टाकले, उतारावर वाकळा पसरल्या, एकीनं गन धरली, बाकीच्यांनी पायानं तुडवल्या. गाडीला पाण्याचा थेंब लावला नाही. मी म्हणालो, "अवो, हितं गाड्या धुत्यात." तर त्यातली म्हातारी म्हणाली, "पत्र्यावर आत यायचं पैसं लिवलंय. आमी आलोय आत." आई तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या बांधावर दिवसभर वाकळा वाळत होत्या. दुसऱ्या वर्षी त्या तीन गाड्या भरून आल्या.

असं चाललं होतं. रोज बारा-पंधरा गाड्या. लाईट, पट्टे, सीलं यांचा खर्च जाऊन महिन्याला आठ-नऊ हजार उरत. डाळिंबासारखे लाखात नाहीत, पण तेल्या येत नाही, मर लागत नाही. हप्ता जाई, आईची औषधं होत. म्हातारपणी माणसाला याहून काय पाहिजे.

२०१८ चा पावसाळा सुरुवातीला बरा वाटला आणि नंतर पाठ फिरवून गेला. गणपती गेले, पाऊस नाही. दसरा ऑक्टोबरच्या मध्याला होता. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात, आता गाड्याच हत्यारं झाल्या. त्या दिवशी पहाटे पाचपासून रांग लागली. सत्तरच्या वर गाड्या झाल्या. डबा दोनदा रिकामा केला. रात्री विहिरीत डोकावलो, तर दरवर्षी दिवाळीला दिसणारा खडक तेव्हाच उघडा पडला होता. मला दिसला. मी बॅटरी बंद केली आणि जेवायला गेलो.

ऑक्टोबरच्या अखेरीला सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. आमचा तालुका त्यात होता. डिसेंबरात गावच्या पाण्याच्या विहिरीनं तळ दाखवला. बोअर एकेक करून फुसफुसायला लागली. माझ्या विहिरीला मात्र झरा होता. मोटर सकाळी पाऊण तास चाले, मग पाणी तुटे. संध्याकाळी पुन्हा अर्धा तास. तेवढ्यावर गाड्या धुणं चालूच होतं. उलट वाढलं होतं, कारण दुसरीकडं कुठं पाणीच नव्हतं.

माझा चुलतभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याचं रान माझ्या बांधाला लागून. त्याची बाग मरीतनं वाचली होती. दोनशे झाडं, पोरासारखी जपलेली. एका संध्याकाळी तो आला. पायरीवर बसला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बापू, बोअर गेलं माजं. झाडं धरायची न्हाईत, फळ नगं. नुसती जगवायची हाईत. तुज्या हिरीचं जरा सोडतूस का? पायपाचं मी बगतो."

मी म्हणालो, "हिरीलाच न्हाय रं दादा. पिण्यापुरतं हाय."

तो बसला थोडा वेळ. उतारावर एक जीप धुणं चाललं होतं. फेसाचं पाणी चारीनं वाहत रस्त्याच्या कडेच्या बाभळीत जात होतं. त्यानं तिकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. "बरं," म्हणाला आणि टोपी झटकून उठला.

मी खोटं बोललो होतो. का बोललो, तर हप्ता होता, औषधं होती, ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण असं की वाटणी सुरू झाली की कुठं थांबेल याची मला भीती वाटली. आज दादा, उद्या दुसरा. वडिलांना ती भीती वाटली नव्हती, हे मला त्या वेळी आठवलं नाही, म्हणजे आठवू दिलं नाही.

आई लिंबाखालीच बसली होती. तिनं ऐकलं होतं. रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासनं ती डब्याजवळ बसायला आली नाही. कंबर दुखते म्हणाली. मी डबा दाव्याला लटकवला आणि धंदा चालू ठेवला. आणखी सहा आठवडे. दादाची झाडं माझ्या डोळ्यांदेखत वाळली. आधी पानं आत वळली, मग शेंडे काळे झाले. जानेवारीत तो जनावरं घेऊन नातेवाइकाकडं गेला, पुढं छावण्या निघाल्यावर छावणीत. घराला कुलूप.

ते कुलूप बघून आलो त्या दिवशी मी एक काम केलं. पंधरा लिटरची बादली घेतली, गनचं तोंड तिच्यात धरलं आणि हातातल्या घड्याळावर बघितलं. चाळीस सेकंदांत बादली भरली. म्हणजे मिनिटाला बावीस लिटर. मोटरसायकलला सहा-सात मिनिटं लागतात, दीडशे लिटर. जीपला बारा मिनिटं, अडीचशेच्या वर. ट्रॅक्टर-ट्रॉलीला अर्धा तास गन चालली तर साडेसहाशे. वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. दिवसाला साधारण चार हजार लिटर मी बाभळीला घालत होतो. डाळिंबाचं झाड नुसतं जगवायचं तर माझ्या अनुभवानं वीस लिटर रोज पुष्कळ झालं. दोनशे झाडांना चार हजार. बरोबर तेवढंच. आणि टँकरचं पाणी गावात माणशी वीस लिटरच्या हिशेबानं यायचं, म्हणजे ती दोनशे माणसंही होती. आई पाणी मोजू नको म्हणाली होती, ते पैसे घेण्यासाठी. मी मात्र मोजायचंच टाळलं, आणि त्याला तिचं नाव लावलं.

दुसऱ्या दिवशी पट्टा काढून ठेवला आणि दावं घट्ट बांधलं. पत्रा उलटा केला. तलाठ्याकडं जाऊन सांगितलं, विहीर टँकरला घ्या. रीतसर अधिग्रहण झालं. रोज दोन खेपा निघायच्या. त्याचे सरकारी पैसे पुढं बऱ्याच महिन्यांनी खात्यावर आले, ते मी घेतले. हप्ता थकला होता, न घेण्याइतका मी मोठा नाही. पतसंस्थेत जाऊन मुदत मागितली, पोराकडनं पैसे मागवले. ते मागताना वाईट वाटलं, पण ते लोकांना घागरी भरताना बघून झालेल्या बरेपणापेक्षा जास्त नव्हतं. आई काठी टेकत विहिरीवर येऊन बसायला लागली. टँकरवाल्याला दम द्यायची, "सांडू नगं."

२०१९ ला परतीच्या पावसानं विहीर भरली. सहा महिने मी पट्ट्याला हात लावला नाही. मग लोकच विचारायला लागले. पुन्हा सुरू करायचं तर कसं, यावर मी खूप विचार केला. वेळ बांधून द्यावी म्हटलं, तर घड्याळावरनं भांडणं. गाडीवर दर लावावा म्हटलं, तर आईचा नेम मोडतो. शेवटी उत्तर अडगळीतच सापडलं, फवारणीची पिंपं. पूर्वी मी पंप थेट सिमेंटच्या टाकीला जोडला होता, तिला अंत नव्हता. आता गाडी आत आली की एक पिंप भरून द्यायचं, दोनशे लिटर. पंप त्यातनंच ओढणार. संपलं की संपलं, मी मोटर बंद करतो, कारण पंप कोरडा चालला तर सीलं जळतात. दर सगळ्यांना एकच आणि पाणीही सगळ्यांना एकच.

पहिल्यांदा ओरड झाली. ट्रॅक्टरवाले म्हणाले, एवढ्यात ट्रॉलीचं एक चाक होईल. पण मी बघितलं ते असं की, पिंप समोर दिसलं की माणूस बदलतो. तोच ट्रॅक्टरवाला आता आधी खुरप्यानं चिखल खरवडतो, मग गन धरतो, मध्ये खटका सोडून पिंपात वाकून बघतो. मोटरसायकलवाला तर निम्म्यात उरकतो. टाकीतलं पाणी कुणाचंच नसतं. पिंपातलं माझं असतं. घागरीचं तरी दुसरं काय होतं?

फेसाचा साबण बंद केला. खाली तीन खड्डे घेतले. पहिल्यात गाळ बसतो. दुसऱ्यात जाणारा पाइप वाकवून तळातनं घेतलाय, त्यामुळं तेल-ग्रीस वर तरंगत राहतं, ते आठवड्याला डब्यानं काढतो. तिसऱ्यातलं निवळ पाणी ट्रॅक्टरच्या पहिल्या धुण्याला बादलीनं वापरायला देतो, उरलेलं बाभळीला. विहिरीकडं एक थेंब जाऊ देत नाही. गिऱ्हाईक थोडं कमी झालं. बिलही कमी झालं. दर पन्नास केला तर कुणी कुरकुरलं नाही.

आई २०२१ च्या थंडीत गेली. जास्त दुखणं नव्हतं, वय झालं होतं. मातीला दादा आला होता. खांदाही दिला. पण माझ्याशी बोलणं कामापुरतंच. लग्नात, मयतीत, सोसायटीच्या मीटिंगला, "कसं काय, बरं हाय," एवढं. भाऊबंदकी म्हणतात ती कोर्टातच असते असं नाही.

२०२२ च्या खंडेनवमीला रांग होती. तिच्यात एक नवी पिकअप उभी. चालवायला दादाचा धाकटा आणि शेजारी दादा. पोरानं भाजीपाला न्यायला घेतलेली. चार वर्षांत दादा दाव्याच्या आत आला नव्हता. पोरगं धुवायला लागलं. दादा येऊन आई बसायची त्या दगडावर बसला. काय बोलावं मला सुचेना. तो पिंपाकडं बघत होता.

"ह्यात किती मावतं?"

"दोनशे लिटर."

त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. "धा झाडं," म्हणाला.

त्याचा हिशेब माझ्याइतकाच पक्का होता. चार वर्षं तोही तोच हिशेब करत असणार. मी म्हणालो, "व्हय, धा झाडं." मग जे आधीच बोलायला पाहिजे होतं ते बोललो. "दादा, तवा माजं चुकलं."

तो बराच वेळ गाडीकडं बघत राहिला. "पाऊसच न्हवता तवा. झाडं ऱ्हायली आस्ती का गेली आस्ती, कुणी सांगावं." मग माझ्याकडं वळला. "पर हाय आसून न्हाय म्हणलास. हाय, पर देत न्हाय म्हणला आस्तास, तर दोन शिव्या दिऊन मी मोकळा झालो आस्तो."

यावर मला काहीच बोलता आलं नाही. त्यानंही वाट बघितली नाही. उठून खिशातनं पन्नासची नोट काढली. मी हात आडवा केला. "दादा, तुज्याकडनं..."

"काकीचा नेम हाय. आत आलं की द्यायचं. मोडू नगंस." नोट त्यानं स्वतःच डब्यात टाकली. पोराला हाक मारली, "झालं का रं? बास कर आता, चकाकली." गाडीत बसताना म्हणाला, "दिवाळीला ये घरी. लई दिस आला न्हाईस."

"येतो," म्हणालो.

पुढची गाडी दाव्याशी उभी होती, हॉर्न वाजवत. पिंपात वाकून बघितलं. साठेक लिटर उरलं होतं. तीन झाडं, असं मनात आलं. मग वरची तोटी सोडली, पिंप भरून घेतलं आणि दावं सैल केलं.